रस्ता किती दबतो?

नमस्कार श्रोतेहो.

रस्त्याला जाळीसारख्या भेगा पडल्या की आपण म्हणतो, डांबर खराब होतं. असेलही. पण कधी कधी दुखणं वरच्या डांबरात नसतंच, हातभर खाली मातीत असतं, आणि वरून दोन्ही भेगा सारख्याच दिसतात. डांबर जुनं होऊन तडकलं असेल, तर वरचा थर खरवडून नवा घातला की भागतं. खालची माती पाणी पिऊन मऊ झाली असेल, तर तोच नवा थर म्हणजे चिखलावर अंथरलेली सतरंजी. थोड्याच दिवसांत भेगा पुन्हा वर येतात.

म्हणून दुरुस्ती ठरवण्याआधी रस्ता वजनाखाली किती दबतो, ते मोजावं लागतं. हो, रस्ता दबतो. अवजड ट्रकचं चाक आलं की तो मिलिमीटरच्या काही अंशाने खाली जातो, चाक सरलं की वर येतो. हे मोजायला अमेरिकेत १९५०च्या दशकात ए. सी. बेंकेलमन यांनी एक साधी लांब दांडी तयार केली. ट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत तिचं टोक रस्त्यावर टेकवायचं. ट्रक हळूच पुढे गेला की रस्ता वर येतो, सोबत टोक उचललं जातं आणि मागच्या तबकडीवरचा काटा फिरतो. बेंकेलमन बीम म्हणतात तिला. आजही ती वापरात आहे.

नंतर आलं फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर. गाडीमागे जोडलेल्या या यंत्रातून ३०० मिलिमीटर व्यासाच्या गोल तबकडीवर वजन पाडतात. काही शतांश सेकंदांचा धक्का, बहुधा ४० किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे चार टन वजनाच्या आसपास, धावत्या ट्रकच्या चाकासारखा. तबकडीपासून ओळीने ठेवलेले सेन्सर कुठे किती दबलं ते टिपतात आणि त्यातून बशीसारख्या खळग्याचा आकार मिळतो.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा आकार. दोन ठिकाणी मधोमध खोली अगदी सारखी येऊ शकते. पण खळगा अरुंद आणि तीव्र उताराचा असेल, तर संशय वरच्या थरांवर. तो दूरवर पसरला असेल, लांबचा सेन्सरही बराच खाली गेला असेल, तर खालची माती कमजोर. नुसती मधली खोली पाहून दुरुस्ती ठरवली, तर या दोन्ही ठिकाणी एकच औषध दिलं जाईल.

आकडे वाचतानाही जपावं लागतं. डांबर उन्हात मऊ होतं, म्हणून पहाटेचं आणि भर दुपारचं मोजमाप तापमानाचा हिशेब केल्याशिवाय शेजारी ठेवता येत नाही. माती ओली असताना जास्त दबते, तेव्हा मोजणीचा हंगामही नोंदवायचा. शिवाय थरांची जाडी ठाऊक हवी. त्यासाठी मधूनमधून कोअर, म्हणजे रस्त्याचा उभा गोल तुकडा, कापून काढतात किंवा रस्त्याच्या आत पाहणारं रडार फिरवतात. जाडी चुकीची धरली, तर त्यावरून काढलेली थरांची ताकदही चुकते, मग यंत्र कितीही महाग असो.

एवढं हाती आलं की एकाच रस्त्याचे तुकडे पाडता येतात: इथे वरचा थर पुरे, इथे जाड थर हवा, इथे मात्र पाण्याचा निचरा सुधारून मुळापासून खोदावं लागेल.

हे काम बहुतेक वेळा वाहत्या रस्त्यावर चालतं. यंत्र थोड्या थोड्या अंतरावर थांबतं, माणसं वाहनांच्या अगदी जवळ उभी असतात. अशी गाडी पुढे दिसली, तर श्रोतेहो, वेग कमी करा आणि त्यांना जागा द्या.

नमस्कार.