आधी सील, मग पॉइंट, शेवटी कार्बोरेटर

[सोलापूर. अशोक चौकामागची गल्ली, सकाळ. शेजारच्या कारखान्यात यंत्रमाग चालू आहेत. गॅरेजचं शटर वर जातं.]

राजदूत ३५० ला सिलिंडर दोन, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्बोरेटर. रेस मात्र एकच. मनगट फिरलं की हँडलवरून एक केबल खेचली जाते आणि टाकीखालच्या जोडावर तिच्या तीन वाटा होतात. एक डाव्या कार्बोरेटरला जाते, एक उजव्याला, तिसरी ऑइल पंपाला. या तिघांनी एकाच क्षणी हलायचं असतं.

डावा आधी उचलला आणि उजवा मागून आला, तरी गाडी चालते. चालते, हीच अडचण आहे. मालक म्हणतो, जुनी गाडी आहे, थोडी थरथरणारच. आणि आत एक सिलिंडर दुसऱ्याचं ओझं वाहत असतो. एकाचा प्लग पांढरा पडतो, दुसऱ्याचा काजळतो.

[टाकीवरची जुनी अक्षरं. मग इंजिनाच्या फिन, जवळून.]

ही गाडी मुळात यामाहाची आरडी ३५०. १९७३ साली ती बाजारात आली. आपल्याकडे एस्कॉर्ट्सने १९८३ पासून ती राजदूतच्या नावाने बनवली. ३४७ सीसीचं, हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. सुरुवातीच्या ‘हाय टॉर्क’ गाड्यांना साडेतीस बीएचपी, नंतरच्या ‘लो टॉर्क’ना सत्तावीस. बुलेट आणि येझदीवर बसलेल्या माणसाला ही ताकद नवीन होती. पेट्रोल पिते म्हणून लोक बिचकले, सुटे भाग महाग पडले, आणि ते दशक संपता संपता गाडी बंद झाली.

पिते हे खरं आहे. पण माझं स्पष्ट मत असं, की तिच्या बदनामीत दोन कार्बोरेटरच्या बिघडलेल्या बॅलन्सचा, म्हणजे जुळणीचा, वाटा मोठा होता. एका कार्बोरेटरची सवय असलेल्या हातांनी दोन कार्बोरेटरची गाडी नीट केली, म्हणजे गाडी चालू करून दिली. जुळवली नाही.

[मिस्त्री हात पुसत गाडीजवळ येतात. मालक, तिशीतला तरुण, बाजूला उभा.]

या गॅरेजच्या मिस्त्रींच्या घरात तेलुगू बोलतात. गिऱ्हाइकाशी ते मराठीत बोलतात, आणि विजापूरकडून कुणी गाडी घेऊन आलं तर कन्नडमध्ये. गाडीचा मालक आल्या आल्या सांगतो, कार्बोरेटर सेट करायचाय. मिस्त्री कार्बोरेटरला हात लावत नाहीत.

“कार्बोरेटर शेवटी की ओ मालक. आधी बाकीचं बघू.”

या एका वाक्यासाठी हा व्हिडिओ केला आहे.

[इंजिनाची डावी बाजू उघडलेली. क्रँकचं सील.]

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा सरळ सिलिंडरच्या डोक्यात जात नाही. आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीत, येते, तिथे दाबली जाते, मग वर जाते. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवी. आरडीत प्रत्येक सिलिंडरची क्रँककेस वेगळी आहे, मध्ये फक्त एक सील. क्रँकच्या दोन टोकांना आणखी दोन. डाव्या टोकाला, मॅग्नेटच्या बाजूला, सील कोरडं असतं. ते कडक झालं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि फक्त डावा सिलिंडर लीन होतो, म्हणजे त्याला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. उजव्या टोकाला क्लच आहे. तिथलं सील गेलं की गिअरचं तेल आत येतं आणि उजवा सायलेन्सर धूर सोडतो.

आता असं इंजिन घेऊन कुणी कार्बोरेटर जुळवायला बसला, तर तो काय करेल? डावीकडे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, मोठा टाकेल. गाडी दोन दिवस बरी चालेल. सील आणखी कडक होईल, आणि एखाद्या दुपारी पुणे रोडवर चौथ्या गिअरमध्ये डावा पिस्टन पकडेल, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसेल. दोष जेटला लागेल.

म्हणून मिस्त्री आधी प्रेशर लावतात. सायलेन्सरची तोंडं आणि इनटेक बंद करून साध्या हातपंपाने सहा पीएसआय हवा भरायची आणि काटा बघत थांबायचं. काटा उतरला तर साबणाचं पाणी. जिथे फुगे, तिथे गळती. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरी जोडाला बारीक भेग असतेच. वरून दिसत नाही, रबर वाकवलं की उघडते.

[पॉइंटची प्लेट. फीलर गेज.]

मग पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क. दोन सिलिंडर, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर. गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर. प्लगच्या भोकात पिस्टनची जागा मोजणारं डायल गेज बसवून प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं बघायचं, कारण एकाचं बरोबर म्हणून दुसऱ्याचं बरोबर असेल असं नाही. मागे पडलेलं टायमिंग आणि बिघडलेला कार्बोरेटर, दोन्ही कानाला जवळजवळ सारखेच लागतात. टायमिंग आधी पक्कं केलं की शंकेची एक जागा कायमची मिटते.

[टेबलावर दोन कार्बोरेटर सुटे केलेले. जेट, सुई, फ्लोट ओळीने.]

आता कार्बोरेटर. मिस्त्री पहिल्यांदा भिंग घेऊन जेटवरचे आकडे वाचतात. डाव्याचा आणि उजव्याचा आकडा एक हवा. इतक्या वर्षांत कुणी काय टाकलंय याचा भरवसा नसतो. आकडे जुळले तरी भोकं जुळतीलच असं नाही, कारण आपल्याकडे कचरा अडकला की तार घालायची सवय आहे. जेट पितळेचा, मऊ. तार फिरवली की भोक मोठं होतं, आकडा मात्र तोच राहतो. अशा जेटवर पुढचं सगळं काम वाया जातं. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा, एवढंच वापरावं. तारेच्या बाबतीत मी ऐकून घेणार नाही.

सुई आणि तिचा जेट यांच्याकडे कुणी बघत नाही. सुई वर्षानुवर्षं त्या भोकात वरखाली होते आणि भोक अंडाकृती होतं. मग अर्ध्या रेसमध्ये गाडी घोगरी, जड, आणि पूर्ण रेसमध्ये ठीक. असं कशामुळे होतं, तर रेसच्या प्रत्येक टप्प्यावर पेट्रोल वेगळ्या वाटेने येतं. बंद रेसपासून आठव्या हिश्शापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पाव रेसपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे रेसबरोबर वर उचलल्या जाणाऱ्या झडपेच्या, खालचा काप. पाव ते पाऊण सुई. त्यापुढे मेन जेट. हद्दी थोड्या एकमेकींत मिसळतात, पण तक्रार रेसच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे नेमकं कळलं, तर निम्मा शोध संपला. आपण गाडी बहुतेक वेळ सुईवर चालवतो, आणि बदलत बसतो मेन जेट.

फ्लोट कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी धरतो. त्याची उंची दोन्हीकडे एकसारखी करून कार्बोरेटर परत चढतात.

[कार्बोरेटरची मागची तोंडं. एअर फिल्टरचे रबर काढलेले.]

इथे बॅलन्स सुरू होतो, आणि इंजिन अजून बंदच आहे. सारख्या जाडीचे दोन ड्रिल बिट घ्यायचे आणि गुळगुळीत दांडीच्या बाजूने दोन्ही स्लाइडखाली सरकवायचे. केबल ढिल्या ठेवून आयडलचे, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवणारे, स्क्रू असे लावायचे, की दोन्ही बिट सारखेच चिमटीत राहतील. मग केबलचे ॲडजस्टर. गॅरेजमधला पोरगा हँडलवरची रेस केसाएवढी फिरवतो, मिस्त्री खाली वाकून बघतात. दोन्ही बिटांनी एकाच क्षणी मान टाकली पाहिजे. उजवा मागे राहिला. ॲडजस्टर अर्धा आटा. पुन्हा. आता दोन्ही एकदम.

मग पूर्ण रेस. दोन्ही स्लाइड तोंडातून पूर्ण वर गेल्या का, हे बोट घालून बघायचं.

चार सिलिंडरच्या गाडीवर हे काम वेगळ्या रीतीने होतं. होंडाची सीबी ७५० फोर १९६९ साली आली, तिला चार कार्बोरेटर. ते इंजिन फोर-स्ट्रोक आहे. तिथे प्रत्येक इनटेकला खेच मोजणारं व्हॅक्यूम गेज लावतात आणि चार काटे, किंवा पाऱ्याच्या चार नळ्या, एका रेषेत आणतात. टू-स्ट्रोकला ते गेज लावून समाधान मिळत नाही. इथली खेच क्रँककेसमधून, रीड झडपेच्या पातळ पात्यांमधून धडधडत येते. म्हणून आरडीवर डोळा, बोट आणि कान.

[यंत्रमाग थांबतात. गल्ली शांत. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचा एक.]

कानाचं काम मिस्त्रींनी या वेळेसाठी राखून ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत शेजारचे माग थांबतात.

किक. इंजिन गरम होऊ द्यायचं. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर उरत नाही. मग उजव्या प्लगची कॅप काढायची, तिच्यात एक जादा प्लग बसवून तो हेडला टेकवायचा, म्हणजे कॉइलवर ताण येत नाही. गाडी आता फक्त डाव्या सिलिंडरवर. आयडलचा स्क्रू थोडा चढवून ती जिवंत ठेवायची.

एअर स्क्रू हलका टेकेपर्यंत आत, मग दीड आटा बाहेर. सुरुवात इथून. या कार्बोरेटरचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे, त्यामुळे तो आत गेला की हवा कमी होते, मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. बाहेर आला की लीन. पाव-पाव आटा फिरवत इंजिन सगळ्यांत स्वच्छ आणि चढं कुठे वाजतं ते शोधायचं.

“काय ऐकू येलालंय, सांगा की ओ मालक.”

मालक म्हणतो, घोगरं. मिस्त्री स्क्रू पाव आटा बाहेर घेतात. आवाज सुटा होतो. मालकाच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं. मला या कामात हेच फार मोलाचं वाटतं. हा कान कुणाच्या जन्माचा नसतो. शेजारी उभं राहून कुणी ऐकवला, तर कुणालाही येतो.

आता डावा बंद, उजवा चालू. तेच सगळं. दोघांनी एकेकटं असताना इंजिन सारख्याच आरपीएमवर फिरवलं पाहिजे. मग दोन्ही कॅप बसवायच्या. इंजिन एकदम वर जातं. दोन्ही आयडल स्क्रू सारखेच मागे घेत बाराशे-तेराशेवर आणायचं. बाराशेवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला वीस वेळा पेटतो, आळीपाळीने, अर्ध्या अर्ध्या फेरीवर. हात दोन्ही सायलेन्सरच्या मागे धरले तर झोत तळव्याला सारखा लागतो.

आयडल स्क्रू हलले म्हणजे केबलची ढील बदलली. ती पुन्हा बघायची. आणि शेवटी ऑइल पंप. पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी जुळली पाहिजे. कार्बोरेटर जुळवून पंप विसरणं म्हणजे इंजिनाला पेट्रोल बरोबर आणि तेल अंदाजाने देणं.

[शहराबाहेर उसाचं शेत. मागे कारखान्याची चिमणी.]

मॅन्युअलमधले आकडे सोलापुरात जसेच्या तसे का लागू पडत नाहीत? पहिलं कारण ऊन. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सकाळी पंधरा अंश असतात, मे महिन्यात दुपारी त्रेचाळीस. तेवढ्या फरकाने हवा सुमारे नऊ टक्के विरळ होते. म्हणजे हिवाळ्यात नेमकं बसलेलं सेटिंग उन्हाळ्यात थोडं रिच.

दुसरं कारण या शेतात उभं आहे. उसाच्या मळीपासून इथेनॉल होतं आणि आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला त्याहून कमी. त्याच जेटवर गाडी लीन होते. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. एक कारण रिचकडे नेतं, दुसरं लीनकडे. टू-स्ट्रोकमध्ये भीती लीनची धरावी, कारण पिस्टन पकडतो तो लीनने. सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते आणि मधली रेस थोडी रिच होते. मिस्त्री इथल्या गाड्यांना बहुतेक वेळा हेच करतात.

[रविवार, पहाट. एमआयडीसीतला मोकळा रस्ता. हेल्मेट घातलेला मालक.]

खात्री प्लग देतो. नवे प्लग, पूर्ण रेस, थोडं अंतर, मग एकाच वेळी क्लच आणि इंजिन बंद. गाडी नुसती घरंगळत थांबवायची. प्लगचा रंग आत, पोर्सेलिनच्या बुंध्याशी बघायचा. इथेनॉलच्या पेट्रोलवर वरचा भाग फिकाच राहतो आणि फसवतो. बुंध्याशी दोन्हीकडे तपकिरी कडं, सारख्याच जाडीचं.

मिस्त्री वहीत लिहून घेतात: तारीख, हवा, जेटचे आकडे, क्लिपची खाच, एअर स्क्रूचे आटे, डावा वेगळा, उजवा वेगळा. केबल नव्या आहेत, त्या ताणणार. दोनशे किलोमीटरनंतर गाडी परत आणायला सांगितली आहे.