शिक्का पोस्टाचा, पलटण कोणाची?

मंडळी, पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरून आलेलं ब्रिटिश पाकीट हाती आलं की नजर आधी तारखेच्या गोल शिक्क्यावर जाते. वर ‘फील्ड पोस्ट ऑफिस’, खाली आकडा. हा आकडा टपाल कचेरीचा, पलटणीचा नव्हे. ब्रिगेडच्या एका कचेरीत चार पलटणींची पत्रं पडत, वर आसपासच्या तोफखान्याचीही. म्हणजे शिक्का गल्लीपर्यंत आणून सोडतो, घर आपणच शोधायचं.

त्यासाठी सेन्सॉरचा, म्हणजे पत्र तपासल्याचा शिक्का पाहा. तो तुकडीला दिलेला असे, पण नुसता क्रमांक टिपून भागत नाही. १९१४ मध्ये शिक्का गोल होता. पुढे चौकोनी, त्रिकोणी, षटकोनी असा आकार बदलत गेला आणि क्रमांक नव्याने वाटले गेले. गोल शिक्क्यातला क्रमांक एका तुकडीचा, तोच त्रिकोणात दुसरीचा. आकार आणि क्रमांक जोडीनेच लिहा. शेजारी, बहुधा डाव्या कोपऱ्यात खाली, पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याची सही असते. ती त्या महिन्याच्या ‘आर्मी लिस्ट’मध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, शोधली की पलटण बऱ्याचदा पक्की होते.

फसगत होते ती दोन ठिकाणी. पत्र इस्पितळातून आलं असेल तर शिक्का आणि सही इस्पितळाची. जखमी शिपाई कुठल्याही पलटणीचा असू शकतो. दुसरं हिरवं पाकीट, मार्च १९१५ पासूनचं. ते पलटणीत उघडत नसत, तपासलंच तर तळावर. त्यामुळे त्यावरचा सेन्सॉर शिक्का पलटणीबद्दल काही सांगत नाही. मात्र ‘मजकूर फक्त खासगी व घरगुती आहे’ या छापील हमीखाली पत्र लिहिणाऱ्याचीच सही असते. ती सोडू नका.

आत पत्र असेल तर शिपायाचा नंबर बघा. टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांच्या, पायदळाला १९१७ च्या सुरुवातीला सहा आकडी नंबर मिळाले. साधारणपणे रेजिमेंटच्या पहिल्या टेरिटोरियल पलटणीचे २००००१ पासून, दुसरीचे २४०००१ पासून. १९१६ च्या पत्रावर असा नंबर दिसला तर तारीख पुन्हा वाचा.

तारीख वाचताना भिंग घ्याच. महिन्याची दोनच अक्षरं असतात: ‘जेयू’ म्हणजे जून, ‘जेवाय’ म्हणजे जुलै. शाई पसरली की दोन्ही सारखीच दिसतात, आणि १ जुलै १९१६ ला सोमची लढाई सुरू झाली, तेव्हा महिनाभराच्या चुकीने सगळा अर्थच फिरतो. १९१८ च्या फेब्रुवारीच्या सुमारास ब्रिगेडमधल्या चारच्या तीन पलटणी झाल्या, म्हणून ब्रिगेडमधल्या पलटणींची आधीची यादी नंतरच्या पाकिटाला लावू नका.

आपल्याकडच्या संग्रहांत मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, पाकिटं येतात. सहाव्या पूना डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात अडकल्या होत्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्या काळात आतून टपाल बाहेर पडायला वाट नव्हती. मधल्या तारखेचं पाकीट त्यांच्या नावावर असेल तर माणूस वेढ्याबाहेर होता का, हे आधी तपासा.

शेवटी लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली त्या पलटणीची युद्धरोजनिशी (दप्तर मालिका डब्ल्यूओ ९५) काढा. त्या तारखेला पलटण त्या ब्रिगेडमध्ये होती असं तिथे दिसलं, तरच अल्बमच्या पानावर पलटणीचं नाव लिहा.