सोनखत घ्या, पण अहवाल पाहून

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

नवतपा लागायच्या आधी कुहीकडच्या एका वावरात गेलो होतो. बांधाजवळ काळसर खताचा ढीग होता आणि त्याच्या सावलीकडच्या अंगाला टोमॅटोची बोटभर रोपं उगवली होती. दादा कौतुकानं म्हणाले, "पाहा साहेब, किती कसदार माल आहे! न पेरता उगवलं." मी एक ढेकूळ फोडलं. आत ओल होती, कुबट वास आला. तो सांडपाणी शुद्धीकरणातून निघालेला गाळ होता. टोमॅटोचं बी पोटात पचत नाही, मैल्यासोबत वाहत जातं. ते इथं रुजलं, याचा अर्थ ढीग पुरेसा तापलाच नव्हता. आणि बी जगलं, तर जंतांची अंडीही जगली असणार.

म्हणून हा गाळ फेकून द्या असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी मैल्याच्या खताला सोनखत म्हटलं, ते उगाच नाही. भांडेवाडीला नागपूरचं सांडपाणी शुद्ध होतं आणि ते पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. पाण्याला गिऱ्हाईक मिळालं, तळाशी बसलेला गाळ मागे राहतो. एक टन शेणखतात पाचेक किलो नत्र असतं. तेवढ्याच वाळलेल्या गाळात साधारण 20 ते 40 किलो. वर स्फुरद, सेंद्रिय कर्ब आणि विदर्भाच्या काळ्या जमिनीत हमखास कमी पडणारं जस्त. पालाश तेवढं पाण्यासोबत निघून जातं, तेव्हा काटोल-नरखेडच्या संत्रा बागाईतदारांनी ते वेगळं द्यायला विसरू नये.

रोगजंतूंवर इलाज आहे, तो म्हणजे उष्णता. गाळात पऱ्हाटीचे तुकडे, काडीकचरा मिसळून लांबट ढीग रचायचा. आत हवा खेळली की तो आपोआप तापतो. अमेरिकेत 1993 पासून असा नियम आहे की, ढिगाचं तापमान किमान 55 अंशांवर 15 दिवस राहिलं पाहिजे आणि तेवढ्यात त्याला पाच पलट्या दिल्या पाहिजेत. पलटी का? बाहेरची थंड बाजू आत जावी म्हणून. ते टोमॅटो बाहेरच्या बाजूलाच उगवले होते, हे लक्षात घ्या. अहमदाबादला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रानं वाळलेल्या गाळावर गॅमा किरण सोडून जंतू मारतात. ते शहराचं काम, पलटी आपल्या हातातली.

मला खरी काळजी वाटते ती जड धातूंची. कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल हे कारखान्यांच्या, मुलामा देणाऱ्या दुकानांच्या सांडपाण्यातून येतात. ते उन्हानं मरत नाहीत, कुजत नाहीत. उलट ढीग कुजून आटला की किलोमागं त्यांचं प्रमाण वाढतं. काळी जमीन चुनखडीची, विम्ल (म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) असल्यानं त्यांना बरंचसं धरून ठेवते, पण एकदा वावरात गेलेला धातू काढायचा उपाय आपल्याजवळ नाही. पालक तर कॅडमियम चटकन ओढून घेतो. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा दिल्या आहेत: किलोमागं कॅडमियम 5 मिलिग्रॅम, शिसं 100, जस्त 1000. हे आकडे लिहून ठेवा. ट्रॉली रिकामी करायच्या आधी त्याच मालाचा तपासणी अहवाल मागा. फुकट मिळतंय म्हणून लाजू नका. कागद नसेल तर ट्रॉली परत पाठवा.

चांगला, तपासलेला माल मिळाला तर कापूस, तूर यांच्या वावरात पेरणीआधी पसरून वखरून मातीत मिसळा. संभार, पालक, मुळा, गाजर यांच्या वाफ्यात नको. जंतू पुरते मेले नसतील, तर गाळ टाकल्यापासून 14 महिने जमिनीला टेकणारी भाजी काढू नये, असंही त्या अमेरिकी नियमात बंधन आहे. विहिरीजवळ, नाल्याच्या काठी टाकू नका. हात घालताना मोजे, पायात बूट हवेत, आणि मुलांना ढिगावर खेळू देऊ नका.

त्या दादांनी ढीग मोडून पऱ्हाटी मिसळली, नव्यानं रचला. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तेव्हा फावडं घालताच वाफ निघाली. आत हात ठेववेना. नमुना प्रयोगशाळेत गेला आहे. अहवाल येईपर्यंत ढीग बांधावरच राहील, यंदाची पेरणी शेणखतावर. नमस्कार.