पागोळ्या, पायपेटी आणि अँबियंट

जुलै महिना, वेंगुर्ल्याजवळचं कौलारू घर. पावसाने आत्ताच उघडीप दिलीय पण पागोळ्या अजून गळतायत, आणि त्यांच्याखाली ओळीने काय काय मांडलंय बघा, तांब्याचं घंगाळ, जुनी कळशी, पत्र्याचा डबा, नारळाची करवंटी.

हा आमचा मित्र. अँबियंट म्युझिक करतो. म्हणजे ठेका नाही, मुखडा नाही, शब्द तर नाहीतच, एक सूर लागतो आणि खोलीत राहतो. गावात सगळे त्याला विचारतात, गाणं सुरू कधी होणार? आणि आम्ही मुंबईहून आलो ते विचारायला, की असलं संगीत कधी लोकप्रिय होईल का?

ते नंतर. आधी घंगाळ ऐका.

घंगाळात थेंब दर तीन सेकंदांनी पडतोय, कळशीत साधारण पाच, करवंटीत त्याच्या मनाला येईल तेव्हा. मध्येच दोन थेंब एकदम पडतात, परत वेगळे होतात, आणि कितीही वेळ बसा, तीच जुळणी पुन्हा लवकर येत नाही. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने 1978 च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या अल्बममध्ये हेच टेपवर केलं, प्रत्येक टेपवर गळ्यातून काढलेला एकच सूर आणि त्या टेपची टोकं जोडून केलेलं वेटोळं, एक साडेतेवीस सेकंदांनी फिरून येणारं, दुसरं सव्वीसला जरा कमी, तिसरं तिसाला जरा कमी. टेप इतकी लांब होती की स्टुडिओतल्या अॅल्युमिनियमच्या खुर्च्यांना वळसा घालून फिरवावी लागली.

इथे खुर्ची आजोबांची आहे. तीच ही, पडवीतली. आजोबा दशावतारात पायपेटी वाजवायचे, आणि पेटीचा भाता पायाने चालतो म्हणून दोन्ही हात मोकळे, सूर हवा तेवढा वेळ धरून ठेवता येतो. मित्राने त्या पेटीचा फक्त खर्ज रेकॉर्ड केला. मग भंगारातून आणलेल्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवला, ब्लेडने टेप तिरकी कापली, तिरकीच, सरळ कापली तर जोडावर टक् असा आवाज येतो, आणि चिकटपट्टीने जोडून आरामखुर्चीच्या पायाभोवती नि पडवीच्या खांबाभोवती फिरवली. सैल पडली की सूर डुलतो, ताणली की तुटते. पावसात सगळंच ओलसर होतं म्हणून टेप तांदळाच्या डब्यात ठेवतो तो. तीन दिवस हेच चाललं होतं, आम्ही सगळं शूट केलंय.

पाऊस या संगीतात पहिल्यापासून आहे बरं का. 1975 ला ईनो अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला, कुणीतरी हार्प या तंतुवाद्याची रेकॉर्ड लावून गेलं, आवाज अगदी बारीक, उठून वाढवायची ताकद नाही, आणि बाहेरच्या पावसाबरोबर ते तसंच ऐकत राहिला. तिथून त्याला हे सुचलं.

आता लोकप्रियतेचं. झोपेच्या, अभ्यासाच्या प्लेलिस्टमध्ये हे रात्रभर वाजतं, पण बनवणाऱ्याचं नाव कुणी वाचत नाही. असंच संगीत करणाऱ्या जपानच्या हिरोशी योशिमुराचा पहिला अल्बम 1982 चा, यूट्यूबमुळे जगभर लोक त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा तो हयात नव्हता, 2003 लाच गेला. मला हे फार लागतं. संगीत पोचेल हो, माणूस पोचायला हवा, आणि तो जिवंत असताना.

मित्राचा ट्रॅक ऑगस्टमध्ये आला, थोड्यांनी ऐकला, पैसे काही मिळाले नाहीत.

ही त्याची आजी. पहिल्यांदा तिलाच ऐकवला. पाच मिनिटांत डोळे मिटले, आणि उठल्यावर म्हणाली, "आजोबाची पेटी ऐकान माका न्हीद इली रे."

आता पुढची दोन मिनिटं मी बोलत नाही. आवाज कमीच ठेवा.