जमिनीवर पडलेली टोपी

रूसोच्या ‘जूली’ या फ्रेंच कादंबरीतल्या एका चित्रात आधी टोपी बघा. जमिनीवर पडलीय. तरुणाचे दोन्ही हात जूलीकडे पसरलेले. तिनं नुकतंच त्याचं चुंबन घेतलंय आणि आता ती नात्यातल्या बहिणीच्या, क्लेरच्या, हातांवर कलंडतेय.

रूसोची ‘जूली’. १७६१, आम्स्टरडॅम. सगळी कथा पत्रांतून सांगितलेली. तिची १२ चित्रं ग्रावलो या चित्रकारानं काढली, पण कुठल्या चित्रात काय दिसावं ते रूसोनं स्वतः लिहून दिलं होतं. टोपीसकट! क्लेरनं जूलीला सावरता सावरता डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या तरुणाकडे बघून हसायचं, हेही त्याचंच सांगणं.

आता हाच प्रसंग पत्रात वाचा. तरुण लिहितो: ती पांढरी पडली, डोळे मिटले, शुद्ध हरपली, आणि भीतीनं सारं सुख विझून गेलं. क्लेरचं ते हसू या घाबरलेल्या माणसाला कुठलं दिसायला?

पत्र आणि चित्र यांच्यातली अशी फट शोधत बसणारे एक अभ्यासक म्हणजे फिलिप स्ट्यूअर्ट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ते फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक होते. १९६९ सालचं त्यांचं पुस्तक चित्रांबद्दल नव्हतं, बनवाबनवीबद्दल होतं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच कादंबऱ्या खऱ्या आठवणी असल्याचा आव आणत. मारिव्होची ‘मारियान’च घ्या: रेन शहराजवळ घर विकत घेतलं, भिंतीतल्या कपाटात हस्तलिखित सापडलं, अशी तिची सुरुवात. वाचकालाही हे सोंग ठाऊक असणार, पण दोघांनाही खेळ आवडत होता.

‘मी’नं सांगितलेल्या अशा गोष्टीत वाचकाला ‘मी’च्याच डोळ्यांनी बघावं लागतं. चित्र आलं की तो ‘मी’सुद्धा समोर उभा दिसतो, आणि आपण बाहेरून, जरा चोरूनच, बघणारे होतो. १९९२ च्या ‘एनग्रेव्हन डिझायर’ या पुस्तकात स्ट्यूअर्ट त्या शतकातल्या कोरीव चित्रांतलं हे बघणं, आणि त्यामागची वासना, उलगडत जातात. पुस्तकं चाळताना आपण चित्रं शोभेची म्हणून उलटून टाकतो. स्ट्यूअर्ट तिथेच थांबले.

चित्र मजकुरापासून मुळातच सुटं होतं. अक्षरांचे खिळे उठावाचे, तर तांब्याच्या पत्र्यावरची रेघ खोल. दोन्हींचे छापखाने निराळे. चित्रं मागाहून बांधणीत घालायची. ‘जूली’ची चित्रं तर पॅरिसमध्ये द्युशेन या प्रकाशकानं वेगळा संग्रह करूनच विकली.

१९९७ मध्ये स्ट्यूअर्ट आणि जाँ वाशे यांनी ‘जूली’चा इंग्रजी अनुवाद केला. चित्रांविषयीच्या रूसोच्या सूचनाही त्यात आहेत. त्यांतली एक मला फार आवडते. पेन्सिलीला सोनेरी केस आणि काळे केस यांतला फरक कळत नाही, पण ती चालवणाऱ्या कल्पनेला तो कळला पाहिजे.

रूसोनं सबंध कादंबरी स्वतःच्या हातानं उतरवून लक्झेंबुर्गच्या सरदारपत्नीला दिली होती. ग्रावलोची मूळ रेखाटनं त्या प्रतीत आहेत. ती प्रत आज पॅरिसला, राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे फ्रेंच संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, ग्रंथालयात आहे.