मॅटीवरची होडी

गुहागर, खालचा पाट. जुलै महिना. पाऊस कसा लागलाय ते दिसतंच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढून झाकून ठेवल्यात, आणि दुपारची जेवणं आटपली, भांडी झाली की काकू पडवीत झोपाळ्यावर कापड घेऊन बसतात.

हे क्रॉस स्टिच, म्हणजे फुल्या-फुल्यांचं भरतकाम. नाव इंग्रजी असलं तरी आपल्याकडे मॅटीच्या जाड विणीच्या कापडावरचं भरतकाम घरोघरी होतंच की. ही ट्रंक बघा. रुखवतात मांडलेलं तोरण, उशांचे अभ्रे, राजहंसाची जोडी, मोर, सुस्वागतम्. इथे लाल रंग पांढऱ्यावर उतरलाय, तेव्हाचे दोरे कच्च्या रंगाचे असायचे. तेव्हा हे यायलाच लागायचं, पाहुणे बघायला आले की 'हे मुलीनेच भरलंय' असं सांगता यावं म्हणून. आता कोणी करायला लावत नाही, हवं तर करा नाहीतर ठेवून द्या, आणि आमच्या मते सगळी मजा इथेच आहे.

आता जरा जवळून बघू. कापड आयडा, मॅटीसारखंच चौकोनी विणीचं, १४ काउंटचं, म्हणजे एका इंचात १४ चौकोन. दोऱ्याची लडी ८ मीटरची, तिच्यात सहा पदर असतात आणि भरायला लागतात दोनच. काकू हातभर दोरा कापून त्यातला एकेक पदर सुटा ओढून काढतायत, दोन एकदम ओढले की गुंता झालाच म्हणून समजा. मग एकच पदर दुमडून दोन्ही टोकं सुईत, सुईचं टोक बोथट, आणि मागे जो फासा राहतो त्यातून सुई काढून घ्यायची. गाठ नाही! आता खाली डावीकडून वर उजवीकडे तिरका टाका, अख्खी ओळ तशीच जायची, मग परत येताना उलटे टाके, फुली तयार. वरचा टाका सगळ्या फुल्यांचा एकाच दिशेला पाहिजे, एखादा जरी उलटा पडला तरी उजेडात तो चौकोन वेगळा चमकतो.

काकू भरतायत ते होडीचं चित्र, त्याचा ग्राफ, म्हणजे कुठल्या चौकोनात कुठला रंग ते दाखवणारा कागद, काकूंच्या भाचीने फोटोवरून एक्सेलमध्ये बनवलाय. बाजारातल्या किटमध्ये बर्फातली घरं नाहीतर आयफेल टॉवर, गुहागरात बसून बर्फ कशाला भरायचा? आडवे ९८ चौकोन, उभे ७०. कापडावर सात बाय पाच इंच, आणि आभाळासकट सगळं भरायचं म्हणजे ६८६० फुल्या. ऐकून दडपण येतं, पण काकूंसमोर एका वेळी एकच ओळ असते, चार निळ्या, दोन राखाडी, परत सात निळ्या, असं मोजताना डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नाही, फोन तिकडे कोनाड्यात वाजतोय तो वाजतोच आहे. मोजणं चुकलं तर उसवायचं, इथे बघा, काकू उसवतायत आणि गुणगुणतायत पण.

कोकणातल्या पावसात दोन गोष्टी मात्र पाळायच्या. सुई कापडात टोचून ठेवायची नाही, गंज धरते आणि तो तपकिरी डाग जाता जात नाही. आणि उठताना कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेवायची, नाहीतर दमट कापडावर तिचा गोल वळ बसतो.

मान अवघडते, डोळ्यांवर ताण येतो, ते आहेच, मधेमधे उठायचं. विकायला गेलं तर घातलेल्या वेळाचे पैसे सुटत नाहीत, काकू विकतही नाहीत.

आभाळाचा निळा संपलाय. त्याच रंगाच्या नंबरची लडी इथल्या दुकानात नाही, चिपळूणला कोणी जाणार असेल तर त्याच्याकडे नंबर लिहून द्यायचा, तोपर्यंत काकूंनी होडीचा लाल पट्टा काढलाय भरायला.