पाय नसलेलं रॉकेट

(टॉवरचा रुंद शॉट. पहाटेचा उजेड.)

टेक्सासचं दक्षिण टोक, बोका चिकाचा किनारा. इथून थोडं खाली गेलं की रिओ ग्रांदे नदी, आणि नदीपलीकडे मेक्सिको. १३ ऑक्टोबर २०२४. स्पेसएक्सचं स्टारशिप पाचव्या चाचणी उड्डाणासाठी उभं आहे. उंची सुमारे १२० मीटर. त्यातला खालचा भाग म्हणजे सुपर हेवी बूस्टर, एकटाच ७१ मीटरचा. बुडाशी ३३ रॅप्टर इंजिनं, टाक्यांत द्रवरूप मिथेन आणि ऑक्सिजन.

आता बूस्टरच्या बुडाकडे नीट बघा. पाय दिसतात का? नाहीत.

याच कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा बूस्टर पायांवर उतरतो. पण पाय न्यायचे म्हणजे त्यांचं वजन वाहायचं, आणि तेवढा माल कमी न्यायचा. म्हणून इथं पाय काढले आणि हात टॉवरला बसवले. हे दोन लांबलचक पोलादी हात, इथली मंडळी त्यांना चॉपस्टिक्स म्हणतात. बूस्टरला वरच्या बाजूला दोन खुंट्या आहेत. वरचं यान सोडून परत येणारं दोनशे टनांहून जड धूड, पुन्हा वापरता यावं म्हणून, त्या दोन खुंट्यांवर झेलायचं.

(जुनं चित्रण.)

इथवर यायला बरंच काही फुटलं. आधी एकट्या वरच्या यानाचे नमुने उडवले. डिसेंबर २०२०, नमुना एसएन-८ : साडेबारा किलोमीटर वर गेलं, पोटावर आडवं पडत खाली आलं, शेवटच्या क्षणी सरळ झालं आणि आदळलं. मार्च २०२१, एसएन-१० : उतरलं! काही मिनिटांनी फुटलं. मे महिन्यात एसएन-१५ उतरलं आणि उभं राहिलं.

२० एप्रिल २०२३ला बूस्टरसकट पहिलं उड्डाण झालं. ३३ इंजिनांच्या झोतानं खालचं काँक्रीट उखडलं, हे उडणारे तुकडे त्याचेच. त्यानंतर तिथं पाण्याचे फवारे सोडणारी पोलादी चादर आली. ती आधीच का नव्हती, हे विचारायला हवं होतं. जून २०२४, चौथं उड्डाण : बूस्टर मेक्सिकोच्या आखातात इंजिनांच्या बळावर अलगद उतरला. तेव्हाच टॉवरचं धाडस करायचं ठरलं.

(उड्डाण. दहा सेकंद निवेदन नाही.)

अडीच मिनिटांनंतर वरचं यान सुटतं. बूस्टर वळतो आणि पुन्हा इंजिनं पेटवतो. टॉवरकडे यायचं की नाही, हे माणूस ठरवतो. फ्लाइट डायरेक्टरनं, म्हणजे उड्डाणाच्या प्रमुखानं, वेळेत हुकूम दिला नाही, तर बूस्टर आपोआप समुद्रात जातो.

हुकूम मिळाला आहे.

शेवटच्या टप्प्यात आधी १३ इंजिनं, मग फक्त मधली ३. बूस्टर किंचित तिरका येतो, सरळ होतो, हातांच्या मध्ये शिरतो.

(आवाज फक्त मूळ चित्रणाचा. हात मिटेपर्यंत थांबणे.)

उड्डाणापासून जेमतेम सात मिनिटं. नंतर समजलं की संगणकातल्या एका सुरक्षा-नियमाची मर्यादा ओलांडायला एक सेकंद उरला होता. ती ओलांडली असती, तर संगणकानं बूस्टर टॉवरशेजारी जमिनीवर आपटवला असता.

पुढच्या वर्षी जानेवारीत आणि मार्चमध्ये बूस्टर परत झेलले गेले, वरची यानं मात्र फुटली. अवशेष कॅरिबियन बेटांच्या दिशेनं पडले, विमानं वळवावी लागली. किनारा चाचणीच्या दिवशी बंद असतो आणि बाजूलाच वन्यजीव अभयारण्य आहे.

(बूस्टर पुन्हा तळावर.)

मे २०२५, नववं उड्डाण. जानेवारीत झेललेला हाच बूस्टर, ३३ पैकी २९ इंजिनं वापरलेली. तो वर गेला, काम केलं. मुद्दाम अवघड मार्गानं उतरवताना आखातावर फुटला. त्याला टॉवरकडे आणायचं नव्हतंच.

वरचं यान झेलणं अजून बाकी आहे. ऑक्टोबर २०२५च्या अकराव्या उड्डाणातही ते हिंदी महासागरातच उतरवलं.